बिडाला घातलेले टाके

सोलापूरला गेले की त्या गल्लीत मी एकदा तरी जाऊन येते. मुलं म्हणतात, आई, तिथं आता काय उरलंय बघायला? खरंच काही उरलेलं नाही. आमची पिठाची गिरणी होती तिथं सायकलचं दुकान आहे. आत शिरलं की रबराचा आणि पंक्चरच्या सोल्युशनचा वास येतो, आणि डाव्या हाताला फरशीतून चार जाड बोल्टांची मुंडकी वर आलेली दिसतात. कुणीतरी ती करवतीनं कापायचा प्रयत्न केलेला आहे, पण अर्ध्यातच त्याचा हात दुखला असावा.

दुकानाचा मालक पोरगेलाच. विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू आणि गिऱ्हाइकाशी फर्डं मराठी. मागच्या खेपेला त्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, "आजी, हे कशाचे हो? रोज ठेच लागती की मला." मी म्हटलं, इंजिनाचे. तर म्हणतो, मोटारीच्या का? मला हसू आलं. ते इंजिन कसलं होतं हे याला कुठून सांगायला सुरुवात करावी, तेच कळेना. मी नुसती चहा पिऊन आले.

एकोणीसशे तीसच्या आगेमागची ती वर्षं. मी लग्न होऊन आले तेव्हा गिरणीच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. आमचे 'हे' कापडाच्या मिलमध्ये कामाला, भोंगा झाला की जायचे आणि भोंगा झाला की यायचे. पुढच्या बाजूला गिरणी, आणि गिरणीत अक्का. अक्का म्हणजे माझी मधली जाऊ. मधले दीर मी यायच्या आदल्या वर्षीच गेले होते. हे इंजिन त्यांनीच हौसेनं आणून बसवलेलं. ते गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता बाई काय करणार, इंजिन विकणार आणि गावाकडं वळसंगला मोठ्या घरी जाऊन राहणार. अक्कांनी डोक्यावरचा पदर कानामागं घट्ट खोचला आणि दुसऱ्या महिन्यात इंजिनाचं चाक स्वतः फिरवलं. पेठेतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या म्हणे. मला तो दिवस बघायला मिळाला नाही, याची चुटपुट मला अजून आहे.

त्या गिरणीची सकाळ मला अजून नाकानं आठवते. आधी घासलेटचा वास. इंजिनाच्या डोक्यावर एक लोखंडी गोळा होता, तो दिव्याच्या भडक्यानं लाल करावा लागे, त्याशिवाय इंजिन ऐकत नसे. मग तापलेल्या तेलाचा वास, मग पट्ट्याच्या चामड्याचा, आणि शेवटी सगळ्यांच्या वर गरम ज्वारीच्या पिठाचा. धुराड्यातून 'फुक् फुक्' सुरू झालं की गल्लीतल्या घराघरांतून डबे आणि टोपल्या बाहेर पडत. अक्कांच्या भुवयांवर, पापण्यांवर पीठ बसायचं. तिशीतली बाई दुपारपर्यंत म्हातारी दिसायची आणि संध्याकाळी तोंड धुतलं की परत तरुण व्हायची. मी त्यांना तसं म्हणून चिडवत असे. त्या म्हणायच्या, "तू बी बस की हितं घटकाभर, मग बगू कोन म्हातारी."

अमावास्येला गिरणी बंद. त्या दिवशी अक्का वरचा दगड काढून पालथा घालत आणि त्याला टाकी लावत. दगड गुळगुळीत झाला की पीठ नीट पडत नाही, म्हणून छिन्नीनं त्याचे खाचे पुन्हा उठवायचे. हे काम करणारी माणसं दारावर येत, पण अक्का ते कुणाला देत नसत. मांडी घालून बसायच्या आणि हातोडी अशी बारीक, सारखी, न दमता चालवायच्या की मागच्या खोलीत मला पेंग यायची. मधूनच थांबून बोटाच्या पेरानं दगडावर टकटक करायच्या आणि कान लावायच्या. दगड आतून धड असला की खणखणीत बोलतो, चीर गेलेली असली की बद्द आवाज देतो, असं त्या सांगत. मला दोन्ही आवाज सारखेच वाटत.

आणि मग ती खंडेनवमी. हत्यारं, यंत्रं, गाड्या यांची पूजा सगळं गाव करतं, तशी आमच्या इंजिनाचीही होई. दसऱ्याच्या पुरणपोळीसाठी पहाटेपासून दळणाची झुंबड होती. दुपारी शेवटचं दळण संपलं तेव्हा इंजिन नुसतं धगधगत होतं. आम्हां दोघींना अंघोळी करून पूजा उरकायची होती. मी सवाष्ण, म्हणून हळदकुंकू माझ्या हातचं. झेंडूची माळ मी चाकाला घातली. इंजिनाच्या पोटावर कुंकवाची बोटं ओढली. पाणी मात्र अक्कांच्या हातचं, त्यांनीच ते आडातून नुकतं शेंदून आणलं होतं.

इंजिनाच्या पोटाभोवती पाणी खेळायला एक पोकळ कवच असतं. मिस्त्री लोक त्याला जाकीट म्हणतात. ते बिडाचं असतं, म्हणजे बिडाचा तवा असतो त्याच ओतीव लोखंडाचं. सणाच्या दिवशी आपण घरातले सगळे हंडे-कळश्या पालथ्या घालून ताजं पाणी भरतो. देवघरातला तांब्यासुद्धा शिळ्या पाण्याचा ठेवत नाही. अक्कांनी विचार केला, मग याच्याच पोटात शिळं पाणी का? दुसरा कुणी मिस्त्री असता तर त्याच्या मनात हे आलंही नसतं. त्यांनी खालची तोटी सोडून वाफाळतं पाणी सगळं काढून टाकलं आणि वरून तो आडाचा गार हंडा ओतला. माया करतानाच ते झालं.

आवाज अगदी लहान झाला. काचेची बांगडी पिचावी तेवढा. मी माळ सारखी करत होते, मला वाटलं चाकाला काही लागलं. मग अक्का बघत होत्या तिकडं बघितलं, तर मी ओढलेल्या कुंकवाच्या बोटांमधून पाणी खाली येत होतं आणि लाल होऊन फरशीवर सांडत होतं. वीतभर लांबीची, केसाएवढी चीर. अक्कांनी नैवेद्य दाखवला, उदबत्ती लावली, आणि मग पायरीवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला वळसंगहून आप्पा आले. आप्पा म्हणजे आमचे थोरले दीर. शेती, मेंढरं, सगळा बारदाना त्यांच्या हाती. माणूस वाईट नव्हता, पण शब्दाचा पक्का, आणि दुसऱ्यानंही तसंच पक्कं असावं असं मानणारा. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयांशी तोंडावर बोलत नसे. आम्ही पदर ओढून आत, आणि ते बाहेर चौकटीकडं बघून बोलणार. आमच्या यांनी मध्ये उभं राहून होय-होय म्हणायचं. आणि हे असे, की थोरल्या भावासमोर जांभई आली तरी गिळत.

मधले दीर गेले तेव्हाच ठरलं होतं की इंजिन चालतंय तोवर अक्कांनी सोलापुरात राहावं, बंद पडलं की वळसंगला यावं. आप्पांनी चीर बघितली, बोट फिरवलं, बोट पुसलं. मग चौकटीला उद्देशून म्हणाले, "परवाच्या न्हाय, त्याच्या फुडच्या मंगळवारी बाजाराला गाडी घिऊन येतो. तवर ह्ये चालू झालं आन एक थेंब बी गळला न्हाय, तर ऱ्हाऊ दे तिला. न्हायतर सामान बांदून ठेवा." हे होय म्हणाले.

रात्री जेवताना मी अक्कांना धीर द्यायला गेले. वळसंगचं घर मोठं आहे, माणसं प्रेमाची आहेत, असं काहीतरी बोलले असेन. त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला. "भाकरी मिळंल की तितं, न्हाय म्हनत न्हाय मी," त्या म्हणाल्या. "पर दिसभर कुनाच्या तोंडाकडं बगत बसू?" त्या घरात अक्कांना कुणी दुखवलं नसतं, पण कामाला हातही लावू दिला नसता. विधवा जावेला बसवून खायला घालणं हा तिथं मोठेपणा होता.

सकाळी अक्का रसूलमामांना घेऊन आल्या. रसूलमामा रेल्वेच्या कारखान्यात बॉयलरवर काम करून म्हातारे झालेले. पांढरी दाढी, डोळ्याला दोऱ्यानं बांधलेला चष्मा, आणि अंगाला तंबाखू आणि ग्रीस यांचा मिळून एकच वास. मिलच्या कारखान्यात गॅसच्या ज्योतीनं लोखंड जोडतात असं आमच्या यांनी ऐकलं होतं, तेच त्यांनी सुचवून बघितलं. रसूलमामा इंजिनापुढं उकिडवे बसून बराच वेळ चीर न्याहाळत राहिले. "ये बीड है, बेटा," ते म्हणाले. "आग दिखाये तो दुसरी जगा फटता. इसकू सीना पडता." शिवायचं. मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण अक्का लगेच खाली बसल्या आणि विचारू लागल्या, दोरा कशाचा?

दोरा तांब्याचा. तांबं मऊ असतं, ठोकलं की पसरतं आणि फटीत जाऊन बसतं. अक्कांनी लग्नातलं घंगाळ बाहेर काढलं आणि त्याच्या दोन्ही जाड कड्या काढून मामांपुढं ठेवल्या. त्या ठोकून सरळ केल्या आणि त्यांच्या सळया झाल्या. त्यावर मामांनी स्क्रूसारखे आटे पाडले. मग हाताच्या ड्रिलनं त्यांनी आधी चिरेच्या दोन टोकांना दोन भोकं पाडली. टोकं अशी बांधली नाहीत तर चीर पुढं चालत जाते, म्हणून. मग एका भोकाला लागून दुसरं, त्याच्या कडेला थोडं कुरतडून तिसरं, अशी चिरेवरच भोकांची रांग. प्रत्येकात तांब्याचा खिळा पिळून बसवायचा, कापायचा आणि वरून हातोडीनं हलके ठोकून पसरवायचा. ड्रिल मामांचं, सळई धरणं माझं. बिडाचा काळा भुगा पडे, त्यात ते हात घालून बघत आणि समाधानानं मान हलवत.

ठोकायची वेळ आली तेव्हा मात्र गाडं अडलं. मामांच्या हाताला कंप होता. पहिला खिळा त्यांनी ठोकला, आणि हातोडी निसटून बिडावर बसली. बिडाला काही झालं नाही, पण मामांनी हातोडी खाली ठेवली. कमी लागला तर गळणार, जास्त लागला तर बीडच जाणार, आणि मध्ये जागा किती ते हातालाच कळतं, असं ते म्हणाले. अक्कांनी हातोडी उचलली. मांडी घातली. आणि तोच आवाज सुरू झाला, अमावास्येचा. बारीक, सारखा, न दमणारा. मामांनी चष्मा वर सारून त्यांच्या मनगटाकडं बघितलं आणि मला म्हणाले, "हिला कोनी शिकवलं?" मी म्हटलं, दगडानं. म्हातारा इतका खूष झाला की त्यानं तंबाखूची चंची काढली आणि भिंतीला टेकून आरामात बसला.

ते दिवस कसे गेले ते मला आज सांगता येणार नाही. दिवसभर तांब्यावर हातोडी वाजे, आणि इंजिनाच्या जागी घराघरांतून जाती वाजत. पेठेतल्या बायांच्या तळव्यांना फोड आले होते. दोन घरं पलीकडली एक विणकरीण रोज डोकावून तेलुगूत काहीतरी विचारे, आणि अक्का हातोडी न थांबवता तेलुगूतच उत्तर देत. ते काय होतं ते मला कधीच कळलं नाही, पण ती हसत जायची.

शिवण पुरी झाल्यावर तिच्यावर लेप द्यायचा होता. लोखंडाचा बारीक कीस, नवसागर आणि चिमूटभर गंधक, पाण्यात मळलेलं. ते मळणं माझ्याकडं आलं. कीस मी माझ्याच पिठाच्या चाळणीतून चाळला, आणि भाकरीचं पीठ मळावं तसं तळहातानं ते रगडलं. नवसागराचा वास डोक्यात शिरला, डोळ्यांतून पाणी. गंधक जळल्यासारखं नाकात बसलं ते दिवाळीपर्यंत गेलं नाही. मामा सांगत, हे लावून ओलं ठेवायचं, म्हणजे ते गंजतं, आणि गंजताना फुगून फट बुजवतं. आयुष्यभर आम्ही गंजाशी भांडत आलो होतो, विळी घासा, तवा घासा. आता अक्का ओल्या फडक्यानं त्याला जपत होत्या, तापलेल्या लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तशी. मी त्या चाळणीतून पुढं कितीतरी वर्षं पीठ चाळलं, आणि हे म्हणायचे की तुझ्या भाकरीत लोखंड आहे.

सोमवारी दुपारी जाकिटात पाणी भरलं. कोमट भरलं, हे सांगायला नको. आम्ही तिघं टक लावून बसलो. पाणी कुठंच दिसेना. मामा उठायच्या बेतात होते, तेवढ्यात मधल्या एका खिळ्याच्या कडेला बारीक ओल चमकली. हळूहळू तिचा थेंब झाला आणि तो खाली पडला.

मामा म्हणाले, याला हात लावू नकोस, चार दिवसांत गंज आपणच बुजवेल. ते खरं होतं. पण आमच्याकडं चार दिवस नव्हते, आणि आप्पांनी थेंबाचं नाव घेतलं होतं. अक्का त्या थेंबाकडं बघत राहिल्या. एक घाव घातला तर मिटेल. किंवा तडकेल, आणि मग ना शिवण ना इंजिन. मी म्हटलं, अक्का, नको, आपण आप्पांची विनवणी करू, यांना बोलायला लावू. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. यांना बोलायला लावणं हे बिडापेक्षा अवघड आहे, हे दोघींनाही ठाऊक होतं.

त्यांनी पाणी काढलं. पदराच्या टोकानं ती जागा पुसली. बोटाच्या पेरानं खिळ्याच्या भोवती टकटक केलं, कान अगदी लोखंडाला लावून. पुन्हा केलं. मामांनी तोंड फिरवून घेतलं, मी डोळे मिटले. हातोडी वाजली. मग थांबली. मग आणखी एकदा वाजली, आधीपेक्षा किंचित खोल. मी डोळे उघडले तेव्हा अक्का पाण्याचा हंडा कलंडत होत्या. आम्ही दिवेलागणीपर्यंत बसलो. मी त्या जागेवर बोट ठेवलं, बोट कोरडं निघालं. अक्का उठल्या आणि चुलीपुढं जाऊन भाकऱ्या थापायला लागल्या.

मंगळवारी उन्हं वर यायच्या आत आप्पांची गाडी दारात उभी. सामानासाठी गाडीत गवत अंथरून आणलेलं. अक्कांनी डोक्यावरून पदर घेतला, दिवा पेटवला आणि इंजिनाचा गोळा तापवायला बसल्या. आप्पा चौकटीला टेकून उभे. गोळा लाल झाला. अक्कांनी चाक धरलं, मागं ओढलं, पुढं लोटलं. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा लोटलं. मग धुराड्यातून 'फुक्' असा आवाज आला, मग थोड्या वेळानं दुसरा, मग ते धावायलाच लागलं. गल्लीत दारं उघडली. डबे, टोपल्या, पोरं, सगळी गर्दी आत लोटली, आणि अक्कांनी पट्टा चढवला.

आप्पा इंजिनाजवळ गेले. धोतर सावरून खाली बसले आणि त्या तांब्याच्या ठिपक्यांच्या रांगेकडं बघत राहिले. लेपातून डोकावणारं तांबं लालसर झळकत होतं. त्यांनी तळहात खाली धरला, थेंब झेलायला धरावा तसा. बराच वेळ धरला. मी हातातलं दळण तसंच घेऊन उभी होते. त्यांनी तळहात उलटा करून बघितला, कोरडा होता, आणि ते उठून बाहेर गेले. यांनी माझ्याकडं बघितलं, मी यांच्याकडं. वाटलं, गेले रागावून.

अक्का पापण्यांवर पीठ घेऊन दळणात गुंतल्या होत्या. आप्पा गाडीतून परत आले ते हातात एक नवं कोरं कुलूप घेऊन. गिरणीच्या दाराला लावायलाच ते त्यांनी घरून आणलं असणार. गर्दीतून वाट काढत ते थेट अक्कांसमोर जाऊन उभे राहिले. अक्कांनी पदर पुढं ओढला. आप्पा ना चौकटीकडं बघत होते, ना यांच्याकडं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते भावजयीशी तोंडावर बोलले.

"हितं एकट्या असता. राती दाराला लावत जावा," ते म्हणाले. "किल्ल्या दोनी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."